गूगल अर्थवर आपला नकाशा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात या सदरातून शेपफाइल (आकृती आणि त्यांच्या माहितीचा तक्ता साठवणाऱ्या नकाशा-फाइलींचा संच) म्हणजे काय, याची ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच जागी अडलेली दिसतात: क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नीटनेटका दिसणारा नकाशा केएमएल या गूगल अर्थच्या फाइल-प्रकारात बदलून गूगल अर्थमध्ये उघडला की त्याची जागा सरकते, रंग पालटतात, मराठी नावांची दुर्दशा होते. माझ्या मते यांतले बरेचसे दोष रूपांतर करताना निर्माण होत नाहीत. ते आधीच फाइलच्या तक्त्यात किंवा तिच्या निर्देशांक-पद्धतीत (ठिकाणांची जागा आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीत) दडलेले असतात आणि रूपांतर त्यांना उघडे पाडते. म्हणून खालील उत्तरांत गूगल अर्थपेक्षा क्यूजीआयएसमधल्या पूर्वतयारीबद्दल अधिक लिहिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून मुंबईतील कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एका जुन्या छापील नकाशावरून गिरवीत आहे. नकाशाच्या कडेला छापलेले अक्षांश-रेखांश देऊनच मी तो संगणकावर जागेवर बसवला होता. तरीही गूगल अर्थमध्ये सगळ्या सीमा एकाच दिशेला सरकलेल्या दिसतात आणि ट्रॉम्बे कोळीवाड्याची कड खाडीत गेली आहे. एका मित्राने दिलेल्या प्रभागांच्या फाइलमधून केलेली केएमएल तर काहीच दाखवत नाही. माझे कोठे चुकते आहे? (दादर)

उत्तर : आपले गिरवणे चुकलेले नाही. सगळ्या आकृती एकाच दिशेला आणि जवळजवळ सारख्याच अंतराने सरकल्या असतील, तर हाताची चूक नसून पृथ्वीचे दोन वेगवेगळे आकार गृहीत धरले गेले आहेत, असे समजावे. भारतातील जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट या लंबगोलावर आधारलेले आहेत. गूगल अर्थ आणि केएमएल मात्र डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक पद्धतीचेच अक्षांश-रेखांश मानतात. एकाच ठिकाणाचे या दोन पद्धतींतले आकडे वेगळे येतात. जुने आकडे जसेच्या तसे नव्या पद्धतीत वापरले, तर मुंबईच्या परिसरात आकृती साधारण शंभर ते सव्वाशे मीटर आग्नेयेकडे सरकते, आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील वस्तीला खाडीत ढकलायला तेवढे अंतर पुरेसे आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

उपाय असा की, छापील नकाशा जागेवर बसवताना क्यूजीआयएसमध्ये निर्देशांक-पद्धत म्हणून कल्याणपूर १९७५, म्हणजेच ईपीएसजी ४१४६ (ईपीएसजी हे अशा पद्धतींना दिलेले क्रमांक), निवडावी. त्या पद्धतीतच सीमा गिरवाव्यात आणि मगच 'सेव्ह फीचर्स अ‍ॅज' या आज्ञेने ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, त्या साठवाव्यात. मधले गणित सॉफ्टवेअर करते. काही जण आकृती हाताने ओढून उपग्रह-चित्रावर बसवतात. तसे करू नये, कारण गूगल अर्थवरील चित्रेही काही ठिकाणी थोडी सरकलेली असतात आणि मग आपण कोणत्या गोष्टीला प्रमाण मानले, हे पुढे आपल्यालाही सांगता येत नाही.

मित्राच्या फाइलची गोष्ट वेगळी आहे. अ‍ॅट्रिब्युट टेबल (आकृतींच्या माहितीचा तक्ता) बाजूला ठेवून लेयरची, म्हणजे थराची, व्याप्ती पाहा. तिथे ७२ आणि १९ च्या आसपासचे आकडे नसून सुमारे २,७४,००० आणि २१,१०,००० असे आकडे असतील, तर ती फाइल यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर या पट्ट्यातल्या मीटरमध्ये आहे. मुंबई याच पट्ट्यात येते. शेपफाइलसोबत असणारी, निर्देशांक-पद्धत सांगणारी '.पीआरजे' फाइल पाठवताना बहुधा मागे राहिली, म्हणून सॉफ्टवेअरने ते मीटर अंश समजून घेतले. इथे दोन आज्ञांची गल्लत फार वेळा होते. 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे निर्देशांक-पद्धत) ही आज्ञा आकडे बदलत नाही, ते कोणत्या पद्धतीतले आहेत एवढेच सांगते. प्रत्यक्ष बदल 'रीप्रोजेक्ट' किंवा 'सेव्ह अ‍ॅज' करते. म्हणून आधी लेयरला ईपीएसजी ३२६४३ ही तिची खरी ओळख द्यावी आणि त्यानंतर ती ४३२६ मध्ये साठवावी. थेट ४३२६ ची पाटी लावल्यास आकडे मीटरचेच राहतात आणि गूगल अर्थला २,७४,००० अंश रेखांश कोठे शोधावा, हे कळत नाही.

हाताने केएमएल लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. केएमएलमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर आणि शेवटी उंची, असा क्रम असतो. आपल्या बोलण्यात तो नेमका उलटा असतो. हा क्रम चुकला तर मुंबईतले ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. एखादी केएमएल फाइल उघडताच गोल आपोआप उत्तर ध्रुवाकडे फिरू लागला, तर कारण बहुधा हेच असते.

प्रश्न : नगररचनेच्या प्रकल्पासाठी मी भूवापराचा थर तयार केला. केएमएलमध्ये रंग हाताने लिहिले, तेव्हा निवासी भागाचा पिवळा आकाशी झाला आणि लाल निळा झाला. हिरवा मात्र जसाच्या तसा राहिला. शिवाय क्यूजीआयएसमधून थेट केएमएल केली तर आखीव रेषांचे भरण आणि तुटक रेषा नाहीशा होतात. (पवई)

उत्तर : हिरवा टिकला, ही आपण नोंदवलेली गोष्ट फार उपयोगाची आहे, कारण तिच्यातच उत्तर आहे. वेबपानांवर रंगाचे सहा अंक लाल, हिरवा, निळा या क्रमाने लिहितात. केएमएलमध्ये आठ अंक असतात: पहिले दोन अपारदर्शकतेचे आणि पुढचे निळा, हिरवा, लाल अशा उलट क्रमाने. लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली तरी मधला हिरवा आपल्या जागी राहतो. पिवळा हा लाल आणि हिरवा यांचा मिळून होतो, त्यातल्या लालाच्या जागी निळा आला की आकाशी तयार होतो. पूर्ण अपारदर्शक लाल हवा असेल तर 'एफएफ ०० ०० एफएफ' असे, मधली रिकामी जागा न ठेवता, लिहावे. पहिल्या जोडीत 'एफएफ' म्हणजे पूर्ण अपारदर्शक, '००' म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि '७एफ' म्हणजे जवळजवळ निम्मे. भूवापराच्या थराला मी स्वतः निम्म्याहून अधिक गडदपणा देत नाही. खालच्या इमारती आणि झाडे दिसणारच नसतील, तर नकाशा पृथ्वीगोलावर नेण्याचे कष्ट कशासाठी घ्यायचे?

आखीव भरण आणि तुटक रेषा यांबाबत मात्र केएमएलची मर्यादाच आडवी येते. केएमएलमध्ये क्षेत्राला एकसंध रंग आणि कड मिळते, रेषेला रंग आणि जाडी मिळते. आडव्या रेघांचे भरण, ठिपक्यांचे भरण किंवा रेल्वेमार्गासारखी काळी-पांढरी रेषा यांची तरतूद तीत नाही. क्यूजीआयएसमध्ये 'सिम्बॉलॉजी एक्स्पोर्ट' या पर्यायात 'फीचर सिम्बॉलॉजी' निवडल्यास साधे रंग आणि जाडी केएमएलमध्ये जातात, बाकीची नक्षी गळून पडते. त्यामुळे भूवापराचे वर्ग ठरवतानाच फक्त रंगाने वेगळे ओळखता येतील असे मोजके वर्ग ठेवावेत. वीस उपवर्ग आणि त्यांच्या वीस छटा गूगल अर्थवर वाचता येत नाहीत. खाली उपग्रह-चित्राचा स्वतःचा हिरवा-करडा रंग असतो आणि तो वरच्या प्रत्येक छटेत मिसळतो.

रंग हाताने लिहिण्याऐवजी दुसरा मार्ग आहे आणि मला तोच अधिक पटतो. गूगल अर्थ प्रो ही संगणकावर चालणारी आवृत्ती २०१५ पासून विनामूल्य आहे आणि ती शेपफाइल थेट आयात करते. आयात करताना ती 'स्टाइल टेम्प्लेट' तयार करण्याविषयी विचारते. त्यात नाव, रंग, चिन्ह आणि उंची कोणत्या स्तंभातून घ्यायची, हे ठरवता येते. भूवापराचा वर्ग एका स्वतंत्र स्तंभात, एकाच पद्धतीच्या लेखनात भरलेला असेल, तर प्रत्येक वर्गाचा रंग तिथे एकदाच निवडावा लागतो. मात्र 'निवासी', 'निवासी ' आणि 'रहिवासी' हे तीन वेगळे वर्ग मानले जातात. त्यांतील दुसऱ्या शब्दानंतर एक रिकामी जागा आहे, जी डोळ्यांना दिसत नाही. अशा चुका क्यूजीआयएसच्या टेबलमध्येच शोधून काढाव्यात. तयार झालेला टेम्प्लेट साठवून ठेवला की पुढच्या वर्षीच्या माहितीला तोच लावता येतो.

प्रश्न : मुलुंड ते भांडुप या भागातील जुन्या विहिरींची यादी मी मराठीत केली आहे. शेपफाइलमध्ये साठवल्यावर काही नावांऐवजी प्रश्नचिन्हे येतात, काही ठिकाणी न वाचता येणारी रोमन अक्षरे येतात. स्तंभांची नावेही तुटतात. (मुलुंड)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांतले एकच बरे होण्यासारखे आहे. डोक्यावर टिंबे आणि चिन्हे असलेली विचित्र रोमन अक्षरे दिसत असतील, तर मराठी मजकूर फाइलमध्ये शाबूत आहे. सॉफ्टवेअर तो चुकीच्या संकेतनातून (अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीतून) वाचत आहे, एवढेच. क्यूजीआयएसमध्ये लेयरच्या गुणधर्मांत संकेतन यूटीएफ-८ निवडले की नावे परत येतात. शेपफाइलसोबतची '.सीपीजी' ही छोटी फाइल हीच माहिती सांगण्यासाठी असते, तेव्हा फाइल पाठवताना तीही सोबत द्यावी. जिथे सलग प्रश्नचिन्हे आहेत, तिथे मात्र साठवतानाच देवनागरी अक्षरे टाकून दिली गेली आहेत आणि ती त्या फाइलमधून परत मिळणार नाहीत. मूळ यादीकडे जावे लागेल. यादी युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक अक्षरसंकेताच्या पूर्वीच्या काळातल्या एखाद्या फाँटमध्ये टंकलेली असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, कारण तिथे देवनागरी केवळ त्या फाँटपुरतीच दिसते.

स्तंभांची नावे तुटण्याचे कारण शेपफाइलच्या जुन्या डीबीएफ तक्त्यात आहे. त्यात स्तंभाच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे मराठीत तीन चिन्हांपलीकडे नाव जातच नाही. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात, म्हणून 'विहीर' एवढा शब्दही पूर्ण मावत नाही. मजकुराच्या स्तंभालाही २५४ बाइटची मर्यादा आहे, आणि विहिरीचा इतिहास चार ओळींत लिहायचा म्हटले तरी ती संपते. माझा सल्ला असा की मराठी माहितीसाठी काम सुरू असताना शेपफाइल वापरूच नये. २०१४ पासून मानक असलेल्या जिओपॅकेज या फाइल-प्रकारात या मर्यादा नाहीत आणि क्यूजीआयएस त्यातून थेट केएमएल करून देते. केएमएल स्वतः यूटीएफ-८ मधील मजकुराची फाइल असल्यामुळे मराठी तिला पचते.

स्तंभांपैकी एकाचे नाव रोमनमध्ये 'नेम' असे ठेवावे आणि त्यात विहिरीचे मराठी नाव भरावे. तेच गूगल अर्थमध्ये चिन्हाशेजारी दिसते. उरलेले स्तंभ टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या फुग्यात तक्त्याच्या रूपात येतात. वाचकाला न लागणारे क्रमांक आणि संकेतांक आधीच काढून टाकले, तर तो फुगा वाचण्यासारखा राहतो.

प्रश्न : महापालिकेच्या निवडणूक प्रभागांचा थर केला, पण एकाही प्रभागाचे नाव गोलावर दिसत नाही. डावीकडच्या यादीत नावे आहेत. (चेंबूर)

उत्तर : गूगल अर्थ क्षेत्राकृतीचे नाव नकाशावर लिहीत नाही. नाव लिहिले जाते ते बिंदूशेजारी. म्हणून प्रत्येक प्रभागासाठी एक बिंदू तयार करून त्याला प्रभागाचे नाव द्यावे आणि त्याच्या चिन्हाचा आकार शून्य करावा, म्हणजे केवळ अक्षरे उरतात. बिंदू काढताना क्यूजीआयएसमधील 'सेंट्रॉइड' न वापरता 'पॉइंट ऑन सरफेस' वापरावे. खाडीला वळसा घालून पसरलेल्या आकृतीचा भूमितीय मध्य खाडीत पडू शकतो, दुसरी आज्ञा मात्र बिंदू आकृतीच्या आतच ठेवते. सर्व २२७ नावे एकाच वेळी दाखवू नयेत. दूरून पाहताना ती एकमेकांवर चढतात. जवळ गेल्यावरच दिसावीत, अशी सोय केएमएलमध्ये 'रीजन' या घटकाने करता येते.

प्रश्न : मलबार हिलवरील काही इमारतींचे ठोकळे उंचीसह दाखवायचे आहेत. एका पद्धतीत गच्च्या तिरक्या येतात, दुसऱ्या पद्धतीत इमारती जमिनीखाली जातात. (गिरगाव)

उत्तर : केएमएलमध्ये उंची तीन प्रकारे सांगता येते. जमिनीला चिकटवून ठेवलेल्या आकृतीला उंचीच नसते, तो प्रकार आपल्या कामाचा नाही. जमिनीपासून मोजायच्या प्रकारात सॉफ्टवेअर प्रत्येक कोपऱ्याखालची जमीन वेगळी पाहते आणि तिथून उंची मोजते. सपाट दादरमध्ये हे खपून जाते, पण मलबार हिलच्या उतारावर इमारतीच्या एका कोपऱ्याखालची जमीन दुसऱ्यापेक्षा काही मीटर खाली असते आणि गच्चीही तेवढीच कलते. सपाट गच्ची हवी असेल तर तिसरा, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजायचा प्रकार घ्यावा लागतो. त्यासाठी इमारतीच्या पायाची समुद्रसपाटीपासूनची उंची अधिक इमारतीची स्वतःची उंची, अशी बेरीज एका स्तंभात करावी. मजले ठाऊक असून मीटर ठाऊक नसतील, तर निवासी इमारतीला मजल्यामागे तीन मीटर धरण्याचा प्रघात आहे आणि अभ्यासापुरता तो पुरेसा आहे.

इमारती जमिनीखाली जातात, याचे कारण बहुधा त्या पायाच्या उंचीत आहे. जीपीएस यंत्राची मूळ उंची ही समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते, ती डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासून मोजलेली असते. भारताभोवती गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. मुंबईत हा फरक साठ मीटरांहून अधिक आहे. केएमएल उंची ईजीएम ९६ या प्रतिमानानुसार, म्हणजे व्यवहारात समुद्रसपाटीपासून मानते. लंबगोलावरून मोजलेली उंची तिला दिली की प्रत्येक इमारत साठ-पासष्ट मीटर खाली उतरते. आपल्या उंचीच्या माहितीत चौपाटीच्या वाळूवर शून्याऐवजी उणे साठच्या आसपासचे आकडे असतील, तर शंका उरत नाही. अशा वेळी माहिती ईजीएम ९६ मध्ये बदलून घ्यावी किंवा मूळातच त्या प्रतिमानावरील एसआरटीएमची उंची वापरावी. एसआरटीएमचे मोजमाप २००० साली अवकाशयानातून रडारने झाले. उंच इमारतींच्या दाटीत ते जमिनीऐवजी छपरांची उंची पकडते, ही त्याची उणीव दक्षिण मुंबईत लक्षात ठेवावी लागते.

ठोकळे तयार करताना 'एक्स्ट्रूड' (आकृतीच्या भिंती जमिनीपर्यंत नेणारा पर्याय) चालू ठेवावे, नाहीतर गच्च्या हवेत तरंगतात. पाहताना गूगल अर्थमधील त्रिमितीय इमारतींचा थर बंद ठेवावा, कारण आपले ठोकळे आणि त्यांचे ठोकळे एकमेकांत शिरतात.

प्रश्न : केएमझेड आणि केएमएल यांत काय फरक आहे? (परळ)

उत्तर : केएमझेड ही झिप केलेली केएमएल आहे. चिन्हांची चित्रे सोबत द्यायची असतील तर केएमझेडच द्यावी, कारण चित्रे तिच्या आतच राहतात. केएमएलमध्ये चित्राचा फक्त पत्ता असतो आणि तो पत्ता आपल्याच संगणकावरचा असेल, तर दुसऱ्याला चित्र दिसत नाही.

प्रश्न : मुंबईची किनारपट्टी, खाड्या आणि तिवरांची क्षेत्रे मिळून केलेली केएमएल इतकी जड झाली आहे की गूगल अर्थ अडकत चालते. रेषा सोप्या केल्या तर शेजारच्या क्षेत्रांत फटी पडतात. (गोरेगाव)

उत्तर : शेपफाइलमध्ये निर्देशांक बायनरी (संगणकाच्या अंकी) स्वरूपात साठवलेले असतात, केएमएलमध्ये ते अक्षर-अक्षर लिहून काढलेले असतात. त्यामुळे फाइल फुगणे अटळ आहे. त्यात दशांशचिन्हानंतर चौदा-पंधरा अंक लिहिलेले असतील तर ते निव्वळ ओझे आहे. अंशाच्या सहाव्या दशांश स्थानाने सुमारे अकरा सेंटिमीटर दाखवता येतात आणि तिवरांच्या कडेला त्याहून बारीक मोजण्यात अर्थ नाही.

फटींचे कारण असे की, क्यूजीआयएसची 'सिम्प्लिफाय' ही आज्ञा प्रत्येक क्षेत्र एकटे घेऊन त्याची कड सोपी करते. खाडी आणि तिवर यांची सामाईक कड दोनदा, दोन वेगळ्या तऱ्हांनी छाटली जाते. यासाठी मॅपशेपर वापरावे. ते ब्राउझरमध्ये चालते, सामाईक कडा ओळखून त्या एकदाच छाटते आणि सरकपट्टी फिरवताना परिणाम लगेच दाखवते. मूळ फाइलची प्रत न बदलता जपून ठेवावी. किनाऱ्याच्या नियमांसंबंधी कोणताही निष्कर्ष छाटलेल्या कडेवरून काढू नये. ती पाहण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही.

एवढ्यानेही काम भागले नाही, तर मुंबईचे चार-पाच तुकडे करून प्रत्येकाची वेगळी केएमझेड करावी आणि एका छोट्या केएमएलमध्ये 'नेटवर्क लिंक' (दुसऱ्या फाइलचा दुवा) व 'रीजन' यांनी त्या जोडाव्यात. मग पाहणारा वर्सोव्यावर असताना शिवडीचा तुकडा उघडला जात नाही. तुकडे प्रशासकीय हद्दींवर न पाडता चौकोनी पाडावेत, कारण 'रीजन' ही चौकट उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या चार मर्यादांनीच सांगावी लागते.